फॉर्टीजवाले अण्णा

इमारतीत भांडण होणार हे अण्णांना भांडणाऱ्यांच्या आधी कळायचं. सोसायटीची वार्षिक सभा असली, की संध्याकाळी ते लेंगा आणि बोटीवरचा जुना निळा स्वेटर घालून जिन्यात उभे राहत आणि सभेला उतरणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे सांगत, "फॉर्टीज लागले हां. भांडी बांधून घ्या." ज्यांना ठाऊक होतं ते हसून खाली जायचे. नव्या भाडेकरूला वाटायचं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला असावा. तासाभरात पाण्याच्या टाकीवरून पहिल्या आणि तिसऱ्या मजल्याची जुंपायची, खुर्च्या सरकायच्या, सेक्रेटरी राजीनामा खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवायचे, आणि मग त्या भाडेकरूलाही अर्थ कळायचा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मूळचे देवगडचे. आयुष्यभर मालवाहू बोटींवर सुकाणी होते. कप्तानाने दिशा सांगायची आणि सुकाण्याने चाक धरून बोट त्या दिशेला ठेवायची, असं ते काम. ऐंशी सालाच्या आसपास निवृत्त होऊन ते अंधेरीच्या घरात कायमचे राहायला आले, तेव्हा इमारतीतल्या निम्म्या लोकांनी त्यांना कधी धड पाहिलेलंही नव्हतं. सुएझचा कालवा बंद होता त्या वर्षांत त्यांची बोट युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून ऑस्ट्रेलियाला जायची. त्या वाटेवर जो समुद्र लागतो त्याला खलाशी 'रोअरिंग फॉर्टीज' म्हणतात. ते नाव अण्णांनी अंधेरीत आणलं आणि इतकं वापरलं, की लोक त्यांचं आडनाव विसरले. पोस्टमनसुद्धा खाली 'फॉर्टीजवाले कुठे राहतात' असं विचारत यायचा.

हे फॉर्टीज म्हणजे काय, असं कोणी विचारलं की अण्णा आधी घरातून नारळ मागवत. शेंडी वर धरली की ती उत्तर. नारळाच्या पोटावरून खडूने एक रेघ, ते विषुववृत्त. त्याच्या बरीच खाली दुसरी रेघ, ते दक्षिणेकडचे चाळीस अंश. त्यांची भाषा म्हणजे मालवणी, बोटीवरची इंग्रजी आणि मुंबईची हिंदी यांची खिचडी होती, पण समुद्राविषयी बोलताना मालवणीच वर यायची. "हयसून खाली बघ. जमीन खंय आसा? अमेरिकेचो शेपूट आणि न्यूझीलंडचो तुकडो. बाकी सगळा पाणी. वारो एकदा निघालो की आख्ख्या पृथ्वीक फेरी मारून परत थंयच येता. तेका आडवा कोण नाय. म्हणून गरजता." मग नारळ हातात गोल फिरवत ते तोंडाने वाऱ्याचा आवाज काढत. पन्नास अंशांखाली वारा पिसाळतो आणि साठांखाली किंचाळतो, अशीही खलाशांची नावं आहेत. पण तिथे ते स्वतः गेले नव्हते, त्यामुळे त्याविषयी एक शब्द जास्त बोलत नसत. शेवटी खडू पुसला जायचा आणि तो नारळ दुपारच्या सोलकढीत जायचा.

शब्द वापरण्याचे त्यांचे नियम कडक होते. शेजारी नवरा-बायकोचं वाजलं की इमारतीतली पोरं 'फॉर्टीज, फॉर्टीज' म्हणत हसायची. अण्णांना ते खपत नसे. "ता वादळ," ते म्हणायचे. "वादळ येता नि जाता. फॉर्टीज ही जागा. जंय कधीय वादळ होऊ शकता आणि तरी जंयसून जावचाच लागता, तेका फॉर्टीज म्हणतत." या हिशेबाने सोसायटीची सभा फॉर्टीजमध्ये बसायची, रॉकेल येण्याच्या दिवशीचं रेशनचं दुकान बसायचं आणि संध्याकाळी कारखाने सुटल्यावरचा साकीनाका तर बसायचाच. जुलैतला नुसता सोसाट्याचा वारा बसत नसे. एखाद्याने माणसाच्या चाळिशीवर विनोद केला, की अण्णा नारळ उचलून मुकाट्याने आत नेऊन ठेवत.

मला हे सगळं कळायच्या आधी त्यांनी मला खारी खायला घातली होती. नंदा, त्यांची एकुलती एक मुलगी, आणि मी साकीनाक्याच्या एकाच कारखान्यात कामाला होतो. ती टायपिस्ट, मी ड्रॉइंगच्या टेबलावर. आमचं जमलं, तिने घरी सांगितलं आणि एका रविवारी मला बघायला बोलावण्यात आलं. मी अंधेरीला पोचलो तर एक गृहस्थ मला जिन्यातच आडवे आले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नंदाचो ना तू? पोटात काय आसा?"

"काही नाही," मी म्हणालो. सकाळपासून खरंच घशाखाली घास उतरला नव्हता.

"बस हय." त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेली खारी काढली. "फॉर्टीजमदी रिकाम्या पोटान जावचा नाय. खा. भितर चाय मिळतली ह्येची गॅरंटी नाय."

मी पायरीवर बसून ती खारी खाल्ली. अण्णा कठड्याला टेकून माझ्याकडे बघत उभे होते. वरून उतरणाऱ्या एका बाईंना त्यांनी 'आमचो पावणो' अशी माझी ओळख करून दिली. मग मला शर्टावरचा चुरा झटकायला लावला आणि मगच बेल वाजवली.

चहा खरोखरच मिळाला नाही. सासूबाईंनी, म्हणजे तेव्हा त्या नुसत्या नंदाची आई होत्या, माझं गाव विचारलं. मी बीडकडचं सांगितलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे त्यांना आडनावावरूनच कळलं होतं, तरी मी ते तोंडाने सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि आतून भांड्यांची आदळआपट सुरू झाली. मी निघेपर्यंत ती चालू होती. मी काही गरीब गाय नाही. मलाही ताव चढला होता. पोटात ती खारी नसती तर मी दोन शब्द सुनावूनच निघालो असतो.

अण्णा बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. मला वाटलं, हे आता बायकोच्या वतीने माफी मागतील, किंवा तिच्या नावाने बोटं मोडतील. त्यांनी दोन्हीही केलं नाही. म्हणाले, "वर्साचे धा म्हयने मी भायर. पोरीचा आजारपण, शाळा, बिल्डरची दादागिरी, सगळा तिने एकटीन निभावल्यान. तिच्या वाऱ्याक आडवी जमीन कधी गावलीच नाय रे. जमीन म्हणजे मी, आणि मी दर्यात." बस येताना दिसली तेव्हा पुन्हा म्हणाले, "ती अशी झाली ती माझ्यापायी. आता मी तिच्याशी भांडू कसो?" त्या बसस्टॉपवर तो माणूस मला मनापासून आवडला.

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. साक्षीदार म्हणून अण्णांनी सही केली. सासूबाई आल्या नाहीत. 'या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही,' असं त्यांनी नंदाला बजावलं होतं. आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या एका चाळीत खोली घेतली. नंदा तशी हसतमुख असायची, पण रस्त्यात अंधेरीची बस दिसली की तिची मान आपोआप वळायची. तिला माझ्याबरोबर संसार हवा होता आणि माहेरही हवं होतं. यात ती काही जगावेगळं मागत नव्हती. ते माहेर तिला परत मिळणार की नाही, हाच त्या दिवसांत आमच्या घरातला खरा प्रश्न होता.

अण्णांनी त्यावर केलेला पहिला उपाय साफ फसला. लग्नानंतरचे पहिले गणपती आले. अंधेरीच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसायचा. त्या आठवड्यात सासूबाईंचा आवाज खाली आला होता, आरतीच्या ओळी गुणगुणत त्या पितळेची भांडी घासत होत्या आणि करंज्या, त्यांच्या भाषेत नेवऱ्या, नेहमीपेक्षा जास्त केल्या होत्या. अण्णांनी हे पाहिलं आणि आम्हाला निरोप धाडला, या. आम्ही नवे कपडे घालून गेलो. सासूबाईंनी दार उघडलं, नंदाला दंडाला धरून आत ओढलं आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. आत शेजारपाजारचे लोक दर्शनाला बसले होते. थोड्या वेळाने दार उघडलं आणि नंदा बाहेर आली. "तो बाहेर तर मी पण बाहेर," एवढंच ती आत बोलली होती. तिच्या मागोमाग चपला हातात घेऊन अण्णा आले. घरच्या गणपतीला आणि पाहुण्यांना तसंच सोडून ते आमच्याबरोबर जिना उतरले.

स्टेशनजवळच्या उडप्याकडे त्यांनी तिघांसाठी डोसे मागवले. "चूक माझी," ते म्हणाले. "वारो पडलो, मी म्हटलंय, गेलो. आणि ह्याच मी सगळ्यांका शिकयत इलंय. फॉर्टीजमदी वारो पडता तो दोन वादळांच्या मदी. नवो खलाशी तेवाच दोरी सोडता. मी एवढो जुनो, मीय सोडलंय."

नंदा रडत होती. "आता काय करायचं अण्णा?" तिने विचारलं.

"वादळात इंजिन बंद करूचा नाय, बाय. बंद केला की बोट आडवी होता, आणि आडवी झाली की संपली. इंजिन स्लो ठेवचा, एकदम स्लो, आणि तोंड वाऱ्याकडे. बोट पुढे जावक नको. नुसती उभी ऱ्हवली तरी खूप झाला." एवढं बोलून त्यांनी तिचा न खाल्लेला डोसा स्वतःकडे ओढला. "तुम्ही दोघा काय करू नकात. चाक माझ्याकडे आसा."

पुढच्या रविवारपासून अण्णा आमच्याकडे जेवायला यायला लागले. सकाळी बसने यायचे, जेवून जरा लवंडायचे आणि संध्याकाळी परत जायचे. घरी गेले की स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सासूबाईंना सगळं सांगायचे. ही बोटीवरची शिस्त. चाकावरच्या माणसाला हुकूम मिळाला की तो हुकूम त्याने मोठ्याने परत म्हणायचा, बोट त्या दिशेला आली की तेही मोठ्याने सांगायचं. समोरचा अधिकारी हूं म्हणो न म्हणो, आपण सांगायचं. तसं अण्णा सांगत. आज वरणफळं होती. पोरीने खिडकीला पडदा लावला. जावयाला सर्दी झाली आहे. सासूबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या असायच्या आणि त्यांच्या तोंडून एक अक्षर निघायचं नाही. आठवड्यामागून आठवडे हे असंच चाललं. एकदा वैतागून मी म्हणालो, "अण्णा, भिंतीशी बोलताय तुम्ही."

"आयकता ती," अण्णा म्हणाले. "तोंड ओट्याकडे आसा. कान खंय ओट्याकडे आसत?"

मग बांगड्याचे दिवस आले. एका रविवारी अण्णा ताजे फडफडीत बांगडे घेऊन आले. नंदाचा स्वयंपाक यथातथाच होता, कारण सासूबाईंनी तिला ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. मी माझ्या आईच्या हाताखाली शिकलेलो. आमच्या बीडला समुद्र नाही, पण शेंगदाणे आहेत. मी कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून आणि वर सढळ हाताने दाण्याचा कूट घालून बांगड्याचं मस्त दाटसर कालवण केलं. पहिला घास घेतल्यावर अण्णा जरा थांबले. मग त्यांनी सगळं संपवलं, भाकरीच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं आणि "वेगळा झालाहा," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी दारात उभं राहून नेहमीच्या सुरात सांगितलं, "आज बांगडे होते. जावयान केल्यान. दाण्याचो कूट घालून."

सासूबाईंचा हात थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या वळल्या. "बांगड्यात? शेंगदाण्याचो कूट?"

"हां. दाट होता."

"आणि तुम्ही खाल्लात?"

"खाल्लंय."

त्या पुन्हा ओट्याकडे वळल्या. पण जेवताना मध्येच त्यांच्या तोंडून निघालं, "तिरफळां नाय, सोलां नाय. माशाची माती केल्यान."

पुढच्या रविवारी ही हकिगत सांगताना अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी खिशातून एक पुडी काढली. आत तिरफळं होती आणि थोडी आमसुलं. "तिने दिल्यान नाय हां," त्यांनी आम्हाला बजावलं. "माझ्या टोपीच्या बाजूक ठेवलेली होती. मी उचललंय."

तिरफळ नावाचं फळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते बी काढून नुसतं ठेचायचं, वासापुरतं कालवणात टाकायचं आणि खाताना बाजूला सारायचं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी ती सगळी बियांसकट मसाल्यात घालून पाट्यावर वाटली. कूटही थोडा घातला, कारण सवय जात नाही. त्या दिवशीचं कालवण आम्ही तिघांनी कसंबसं गिळलं. जीभ बधिर झाली होती, नंदाला तर बोलताही येईना. अण्णांनी तांब्याभर पाणी संपवलं आणि चपला घालता घालता म्हणाले, "ह्या पण सांगूचाच लागतला."

त्याच्या पुढच्या रविवारी अण्णा एकटे आले नाहीत. मागे सासूबाई होत्या. हातात कापडी पिशवी, टेकडी चढून धाप लागलेली. दार नंदाने उघडलं. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, "बारीक झालंस," म्हणाल्या आणि सरळ आत, मी उभा होतो तिथे ओट्याशी आल्या. लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि त्या पहिल्या रविवारनंतर ही बाई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्यांनी फळीवरून नजर फिरवली.

"कुटाचो डबो खंय?"

मी दाखवला.

"तो आधी भायर काढ." मी काढला. "तिरफळां वाटलंस? बियांसकट?"

"हो."

"कोणी शिकयल्यान तुका?"

"कोणीच नाही."

"ता दिसताच आसा." मग पदराने मान पुसत त्या म्हणाल्या, "पाणी दे."

माझ्या वडिलांच्या गावी आमची विहीर वेगळी होती. पाणी मागण्याचा अर्थ आम्हा चौघांनाही माहीत होता. मी माठातलं पाणी पेल्यात भरून त्यांच्यापुढे धरलं. सासूबाईंनी तो पेला घटाघटा रिकामा केला, "आणखी दे," म्हणाल्या, तोही प्यायल्या आणि पदर खोचून बांगडे साफ करायला बसल्या. मग दुपारभर त्या मला रागावत होत्या. खोबरं किती बारीक वाटायचं, आमसूल कधी टाकायचं, मासे घातल्यावर डाव का फिरवायचा नाही. इतकं बोलणं मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही, आणि इतक्या खुशीने तर नाहीच.

अण्णा बाहेर गॅलरीत कुटाच्या डब्याशेजारी बसले होते. मी हात धुवायला गेलो तेव्हा हळूच विचारलं, "संपलं का फॉर्टीज?"

"फॉर्टीज संपना नाय. जागा ती," त्यांनी मला आठवण करून दिली.

"मग एवढा त्रास आहे तर बोटी तिथून जातात कशाला?" हा प्रश्न मला इतक्या दिवसांत सुचलाच नव्हता.

"अरे, थंयचो वारो पश्चिमेचो. आपणाक जावचा असता पूर्वेक. एकदा तो पाठीक घेतलंस की ढकलीत नेता. जुन्या शिडाच्या बोटी मुद्दाम खाली उतरायच्यो, वाट लवकर सरायची म्हणून." आतून सासूबाईंनी मला हाक मारली. अण्णांनी दाराकडे बोट केलं. "जा. आता तुझ्या पाठीक आसा तो वारो."

पुढची वर्षं त्या वाऱ्याने आम्हाला खरोखरच ढकलत नेलं. घरमालकाने पाणी तोडलं, तर सासूबाई एक दिवस घाटकोपरला आल्या आणि त्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. संध्याकाळपर्यंत पाणी आलं. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी माझ्या आईला हाताला धरून पाळण्याशी पुढे आणलं. मुलीच्या शाळेत प्रवेशासाठी त्याच गेल्या. हेडमास्तरांशी काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एकदा अंधेरीच्या इमारतीत कोणीतरी जिन्यात माझ्या जातीवरून काही बोललं आणि ते सासूबाईंच्या कानावर गेलं. अण्णा नेमके त्या दिवशी बाहेर गेले होते, त्यामुळे त्या माणसाला आधी सावध करायला कोणी नव्हतं. त्याने पुढे महिनाभर मागचा जिना वापरला.

अण्णा मात्र होते तसेच राहिले. नातीला घेऊन आम्ही जुहूला जायचो तेव्हा ते पाण्याकडे पाठ करून भेळ खात बसत. "हो समुद्र नाय," ते तिला सांगत. "हो पाय धुवचो पाणवठो." तिने हट्टच धरला तर लेंगा वर खोचून घोट्याइतक्या पाण्यात उभे राहत आणि वाळूवर बोटाने गोल काढून तिला चाळीस अंश कुठे येतात ते दाखवत. लाट यायची, गोल पुसायची, ते पुन्हा काढायचे. त्या काळात मी त्यांना इतकं सुखी पाहिलं आहे, की आठवण झाली की आजही बरं वाटतं.

ते गेले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आजारपण काही नाही. सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले. देवगडची आणि मुंबईची भावकी गोळा झाली. खाली कंपाउंडमध्ये तयारी झाली, विस्तवाचं मडकं शिंकाळ्यात ठेवलं गेलं आणि अण्णांचा एक चुलत पुतण्या ते घ्यायला पुढे झाला. अण्णांना मुलगा नव्हता, तेव्हा हे सगळे धरूनच चालले होते, मीही. मी खांदा द्यायला मागे उभा होतो.

सासूबाई नंदाचा हात धरून खाली आल्या. रडून त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी तिरडीकडे पाहिलं, पुतण्याच्या हातातल्या शिंकाळ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "दी ता माझ्याकडे."

भावकीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "वहिनी, अशी रीत नाय. भावकीतलोच धरता."

"माका रीत म्हायत आसा," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांचो मुलगो थंय मागे उभो आसा."

पुतण्याने शिंकाळं त्यांच्या हातात दिलं. मग त्या स्वतःच गर्दीतून माझ्यापर्यंत आल्या. माझा हात ओढून त्यांनी दोरी माझ्या मुठीत दिली आणि माझं एकेक बोट तिच्याभोवती मिटवलं.

"घट्ट धर," त्या म्हणाल्या. "आणि नीट पुढे बघून चाल."